दोन लिंक, एक स्विच: बीजीपीला आपली पसंती कशी सांगायची

महापे, रबाळे, ऐरोली, घणसोली. ठाणे–बेलापूर रस्त्यालगतच्या या पट्ट्यात जुन्या कारखान्यांच्या शेजारी आता डेटा सेंटर आणि आयटी पार्क उभी आहेत. इथल्या एखाद्या मध्यम कंपनीची सर्व्हर रूम उघडली की ओळखीचं चित्र दिसतं: रॅकमध्ये एक लेयर-थ्री स्विच (राउटरसारखी वाट ठरवू शकणारा स्विच) आणि त्यात दोन वेगवेगळ्या इंटरनेट प्रोव्हायडरच्या फायबर येऊन लागलेल्या. समजा, पहिली लिंक ५०० एमबीपीएसची आहे आणि दुसरी, बॅकअप म्हणून घेतलेली, १०० एमबीपीएसची. कागदावर सगळं ठीक. प्रत्यक्षात मात्र बॅकअप लिंक दिवसभर तुडुंब भरलेली, मोठी लिंक निम्मी रिकामी, आणि अकाउंट्सवाले विचारतात की एवढं बिल आपण भरतो तरी कशाचं?

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर स्विचच्या कॉन्फिगमध्ये सापडतं, पण निम्मंच. बाहेर जाणारा ट्रॅफिक कुठल्या लिंकने जाईल हे तुम्ही ठरवता. आत येणारा ट्रॅफिक कुठल्या लिंकने येईल हे समोरची नेटवर्क ठरवतात. तुम्ही त्यांना विनंती करू शकता, आणि ती कमी-जास्त जोर लावून करण्याचे काही मार्ग आहेत. पसंतीची प्रत्येक सेटिंग या दोनपैकी कुठल्या बाजूची आहे हे आधी लक्षात घ्यावं, मग पुढचं सगळं सोपं जातं.

बीजीपी म्हणजे बॉर्डर गेटवे प्रोटोकॉल, नेटवर्कांनी एकमेकांना वाटा सांगण्याची पद्धत. इंटरनेट ही हजारो स्वतंत्र नेटवर्कांची जोडणी आहे. अशा प्रत्येक नेटवर्कला ऑटोनॉमस सिस्टिम म्हणतात आणि तिला एक एएस नंबर असतो. भारतात हे नंबर आणि आयपी ॲड्रेसचे ब्लॉक आयआरआयएनएन ही राष्ट्रीय नोंदणी संस्था देते, जी निक्सी (नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया) या संस्थेच्या छत्राखाली चालते. प्रोटोकॉलची पहिली आखणी १९८९ साली कर्क लॉगहीड आणि याकोव्ह रेख्टर यांनी जेवणाच्या टेबलावर, नॅपकिनवर केली. आज आपण वापरतो ती चौथी आवृत्ती, आणि तिचं मुख्य मानक म्हणजे २००६ सालचं आरएफसी ४२७१ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या पद्धती मांडणारे क्रमांकित दस्तऐवज).

दोन शेजारी राउटर टीसीपी या जोडणीच्या प्रोटोकॉलच्या १७९ पोर्टवर सेशन उभं करतात आणि एकमेकांना एवढंच सांगतात: अमुक ॲड्रेसपर्यंत माझ्यामार्फत पोहोचता येतं, आणि वाटेत हे हे एएस लागतात. लिंक किती एमबीपीएसची आहे, ती आत्ता किती भरली आहे, पॅकेटला किती मिलिसेकंद लागतात, यातलं काहीही बीजीपी स्वतःहून बघत नाही. मोठी लिंक रिकामी राहण्याचं कारण इथेच आहे. तुमच्या लेखी ५०० विरुद्ध १०० असा सरळ हिशोब असला तरी स्विचच्या लेखी ते दोन सारखेच शेजारी आहेत. फरक तुम्ही सांगायचा असतो.

आता 'पसंती' या शब्दाकडे. स्विचमध्ये या नावाच्या दोन वेगवेगळ्या गोष्टी असतात आणि नवीन मंडळी हमखास त्यांची गल्लत करतात. पहिली पसंती प्रोटोकॉलची. तोच रूट, म्हणजे एखाद्या ॲड्रेसकडे जायची वाट, स्विचला स्टॅटिक (हाताने लिहिलेला) म्हणूनही मिळाला, ओएसपीएफकडूनही (नेटवर्कच्या आतल्या वाटा शोधणारा प्रोटोकॉल) मिळाला आणि बीजीपीकडूनही मिळाला, तर कोणाचं ऐकायचं? सिस्कोमध्ये याला ॲडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स म्हणतात: स्टॅटिक १, बाहेरून आलेलं बीजीपी २०, ओएसपीएफ ११०, आणि आपल्याच एएसमधल्या दुसऱ्या राउटरकडून आलेलं बीजीपी २००. जुनिपरमध्ये यालाच प्रेफरन्स म्हणतात आणि तिथले आकडे वेगळे: स्टॅटिक ५, ओएसपीएफचे अंतर्गत रूट १०, बीजीपी १७०. हुआवेमध्ये स्टॅटिक ६० आणि बीजीपी २५५. सगळीकडे नियम एकच, लहान आकडा जिंकतो.

दुसरी पसंती बीजीपीच्या आतली. एकाच ठिकाणचा रूट दोन बीजीपी शेजाऱ्यांनी दिला, तर त्यातला कोणता घ्यायचा? इथे लोकल प्रेफरन्स कामाला येतो. त्याचा डिफॉल्ट १०० असतो आणि इथे मोठा आकडा जिंकतो. म्हणजे एका पसंतीत लहान आकडा चांगला, दुसऱ्या पसंतीत मोठा. एखाद्या कंपनीचा स्विच हाताळणाऱ्याने हे वाक्य लिहून रॅकच्या दारावर चिकटवलं तरी चालेल.

पहिल्या पसंतीतून होणारा एक घोटाळा फार सर्रास दिसतो. बीजीपी येण्याआधी स्विचवर कोणीतरी स्टॅटिक डिफॉल्ट रूट (ज्यांच्यासाठी वेगळी वाट नाही अशा सगळ्या ॲड्रेससाठीची वाट) टाकलेला असतो, बहुधा लिंक पहिल्यांदा चालू करताना, छोट्या प्रोव्हायडरच्या दिशेने. नंतर बीजीपी लावलं, दोन्ही प्रोव्हायडरकडून डिफॉल्ट रूट मिळाले, लोकल प्रेफरन्सही बरोबर लावला. तरीही ट्रॅफिक छोट्या लिंकवरच. स्टॅटिकचा १ आणि बीजीपीचा २०. बीजीपीच्या आतली निवड अगदी योग्य झाली तरी ती फॉरवर्डिंग टेबलपर्यंत पोहोचतच नाही. म्हणून बीजीपीचं टेबल बघून थांबू नका. प्रत्यक्ष राउटिंग टेबलमध्ये कोणाचा रूट बसला आहे ते बघा.

या दोन्ही पसंतींच्या वर आणखी एक नियम आहे, जो कुठल्याही सेटिंगने बदलत नाही: जास्त नेमका ॲड्रेस जिंकतो. पॅकेट पुढे पाठवताना स्विच आधी सर्वांत लांब जुळणारा प्रिफिक्स, म्हणजे ॲड्रेसचा गट, शोधतो. तिरप्या रेघेनंतरचा आकडा जितका मोठा, तितका गट लहान आणि नेमका. /२२ आणि /२४ दोन्ही असतील तर /२४. २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तान टेलिकॉमने देशात यूट्यूब बंद करण्यासाठी २०८.६५.१५३.०/२४ हा रूट जाहीर केला आणि तो त्यांच्या अपस्ट्रीममार्फत (त्यांना इंटरनेट देणाऱ्या वरच्या प्रोव्हायडरमार्फत) जगभर पसरला. यूट्यूब स्वतः २०८.६५.१५२.०/२२ जाहीर करत होतं. /२४ जास्त नेमका असल्यामुळे जगाचा ट्रॅफिक तिकडे वळला आणि सुमारे दोन तास यूट्यूब अनेकांना दिसेनासं झालं. कोणाच्याही लोकल प्रेफरन्सने त्यात फरक पडला नसता, कारण स्विचच्या दृष्टीने /२२ आणि /२४ हे दोन वेगळे रूट आहेत. त्यांच्यात स्पर्धा होतच नाही.

प्रिफिक्स सारखाच असेल तेव्हा मात्र बीजीपी पायरीपायरीने उतरतं आणि पहिल्या पायरीवर फरक दिसला की तिथेच निकाल लावतं. सिस्कोसारख्या उपकरणांत सगळ्यात आधी वेट, मोठा चांगला. हा फक्त त्या एका पेटीपुरता असतो, कोणाला सांगितला जात नाही. मग लोकल प्रेफरन्स, मोठा चांगला. मग रूट आपणच तयार केला आहे का. मग एएस पाथची, म्हणजे वाटेतल्या एएसच्या यादीची, लांबी, कमी चांगली. मग ओरिजिन (रूट बीजीपीत कसा आला याची खूण), मग मेड (आपल्या लिंकपैकी कोणती वापरावी हे शेजाऱ्याला सुचवणारा आकडा), कमी चांगला. मग बाहेरच्या शेजाऱ्याचा रूट आतल्यापेक्षा बरा, मग पुढच्या हॉपपर्यंतचं आतलं अंतर, आणि शेवटी राउटर आयडीसारखे निव्वळ बरोबरी फोडणारे नियम. काहीच सेट केलं नसेल तर डिफॉल्ट रूटची निवड बहुधा या शेवटच्या पायऱ्यांवर होते. म्हणजे ५०० एमबीपीएस की १०० एमबीपीएस हे कोणाचा रूट आधी आला किंवा कोणाचा राउटर आयडी लहान अशा गोष्टींवर ठरतं!

बाहेर जाण्याची पसंती लावणं त्यामानाने सोपं आहे. उदाहरणासाठी राखून ठेवलेले नंबर वापरूया: तुमचा एएस ६४५००, मोठा प्रोव्हायडर ६४४९६, छोटा ६४४९७, आणि तुमचा ब्लॉक २०३.०.११३.०/२४. एक रूट मॅप (रूटवर लागू होणाऱ्या नियमांची यादी) लिहा, त्यात लोकल प्रेफरन्स २०० सेट करा आणि तो ६४४९६ या नेबरवर आत येणाऱ्या दिशेने लावा. छोट्या प्रोव्हायडरचे रूट १०० वरच राहू द्या. बाहेर जाणारा ट्रॅफिक मोठ्या लिंकवर जातो, आणि ती पडली की आपोआप छोटीवर. नीट लक्षात घ्या, ट्रॅफिक बाहेर जाणारा असला तरी रूट मॅप आत येणाऱ्या रूटवर लागतो. रूट ज्या दिशेने येतात, ट्रॅफिक त्याच्या उलट दिशेने जातो.

रूट मॅप लिहिताना एक खड्डा टाळायचा असतो. त्याच्या शेवटी न लिहिलेला नकार दडलेला असतो. फक्त काही प्रिफिक्सना मॅच करून त्यांना २०० दिलं आणि बाकीच्यांसाठी दुसरी परवानगीची ओळ लिहिली नाही, तर बाकीचे सगळे रूट गळून पडतात. सेशन अप, दिवे हिरवे, आणि अर्ध्या साइट उघडत नाहीत. पॉलिसी बदलल्यावर ती लागू करण्यासाठी शेजाऱ्याकडून रूट पुन्हा मागवावे लागतात, आणि ते सॉफ्ट पद्धतीनेच मागवा. 'सॉफ्ट' हा शब्द न लावता क्लिअर केलंत तर टीसीपी सेशनच तुटतं आणि भर दुपारी लिंक पडल्यासारखी अवस्था होते.

दोन लिंक दोन वेगळ्या स्विचवर उतरत असतील तर वेट वापरू नका, लोकल प्रेफरन्सच वापरा. तो आपल्या एएसमधल्या सगळ्या बीजीपी राउटरना कळतो, त्यामुळे दुसरा स्विचही आपला ट्रॅफिक पहिल्याकडे सोपवतो. वेटचा पत्ता त्याला लागत नाही.

आता आत येणारा ट्रॅफिक, जिथे खरी कसोटी लागते. घणसोलीहून मुंबईला जाताना ऐरोलीचा पूल घ्यायचा की वाशीचा, हे तुम्ही ठरवता. पण मुंबईहून तुमच्याकडे येणारा पाहुणा कुठल्या पुलावरून येईल हे तो ठरवतो, त्याच्या घरापासून त्याला जे सोयीचं वाटेल त्यावरून. बीजीपीत अगदी हेच होतं. तुमचा लोकल प्रेफरन्स तुमच्या एएसच्या बाहेर जात नाही. समोरच्याचा स्वतःचा लोकल प्रेफरन्स असतो आणि तो तुम्हाला दिसतही नाही.

पहिला उपाय म्हणजे प्रिपेंड. छोट्या प्रोव्हायडरला आपला रूट देताना आपलाच एएस नंबर दोन-तीनदा जास्त लिहायचा, म्हणजे ती वाट लांब दिसते. मोठ्याकडून पाथ दिसतो ६४४९६ ६४५००, आणि छोट्याकडून ६४४९७ ६४५०० ६४५०० ६४५००. लांबचं एखादं नेटवर्क दोन आणि चार यांची तुलना करून मोठी लिंक निवडतं. बऱ्याच ट्रॅफिकसाठी हे चालतंही.

पण सगळ्यासाठी चालत नाही. मग लोक आणखी प्रिपेंड करत जातात, पाच, आठ, दहा, आणि तरीही छोट्या लिंकवर ट्रॅफिक येतच राहतो. कारण पायऱ्यांच्या क्रमात आहे. एएस पाथची लांबी लोकल प्रेफरन्सनंतर बघितली जाते. आणि प्रोव्हायडर मंडळी सर्वसाधारणपणे गिऱ्हाइकाकडून आलेल्या रूटला सगळ्यात वरचा लोकल प्रेफरन्स देतात, पिअरकडून (पैसे न घेता ट्रॅफिकची देवाणघेवाण करणाऱ्या बरोबरीच्या नेटवर्ककडून) आलेल्याला त्याखालचा, आणि स्वतः पैसे भरून घेतलेल्या अपस्ट्रीमच्या रूटला सगळ्यात खालचा. यामागे सरळ व्यवहार आहे: गिऱ्हाइकाच्या लिंकवर ट्रॅफिक गेला तर पैसे मिळतात, अपस्ट्रीमवर गेला तर द्यावे लागतात. त्यामुळे छोट्या प्रोव्हायडरच्या नेटवर्कमध्ये असलेला प्रत्येक जण तुमच्याकडे थेट त्याच छोट्या लिंकने येणार, मग तुम्ही कितीही प्रिपेंड करा. एवढ्यावर भागत नाही. त्या प्रोव्हायडरच्या अपस्ट्रीमलाही तुमचा रूट गिऱ्हाइकाचाच वाटतो, म्हणून त्याची सगळी गिऱ्हाइकंही त्याच वाटेने येतात. प्रिपेंड चालत नाही अशी तक्रार ऐकू येते तेव्हा बहुधा हेच कारण असतं.

यावरचा चांगला उपाय म्हणजे कम्युनिटी. रूटवर एक छोटं लेबल लावायचं, आणि प्रोव्हायडरने आधीच सांगून ठेवलेलं असतं की अमुक लेबल दिसलं तर मी त्या रूटचा लोकल प्रेफरन्स इतका करेन. ही पद्धत १९९६ च्या आरएफसी १९९८ मध्ये सविस्तर मांडलेली आहे. समजा छोट्या प्रोव्हायडरने सांगितलं आहे की ६४४९७:८० लावलं तर लोकल प्रेफरन्स ८० होईल, आणि त्याच्याकडे अपस्ट्रीमचे रूट ९० वर आहेत. तुम्ही ते लेबल लावलंत की तो प्रोव्हायडर स्वतःच तुमच्याकडे येणारा ट्रॅफिक मोठ्या लिंकच्या दिशेने वळवतो. मोठी लिंक पडली की ९० वाला रूट नाहीसा होतो आणि ८० वाला कामाला लागतो. जे दहा प्रिपेंडने होत नाही ते एका लेबलने होतं, कारण ते योग्य पायरीवर घाव घालतं.

माझं मत इथे ठाम आहे: लिंक विकत घेण्याआधी प्रोव्हायडरला कम्युनिटीची यादी मागा. दर आणि एमबीपीएस यांच्याइतकाच हा प्रश्न महत्त्वाचा आहे. यादी देता येत नसेल तर त्या प्रोव्हायडरची लिंक बॅकअप म्हणून नीट वापरता येणार नाही, हे समजून मग सही करा. आणि सिस्कोच्या स्विचवर कम्युनिटी नेबरला पाठवण्याची वेगळी ओळ लिहावी लागते. ती विसरली तर लेबल तुमच्याच स्विचवर राहतं आणि प्रोव्हायडरचा इंजिनीअर फोनवर म्हणतो, आमच्याकडे काहीच आलेलं नाही.

मेडचं नाव बऱ्याच ठिकाणी येतं, पण तो एकाच प्रोव्हायडरच्या दोन लिंक असतील तरच उपयोगी. वेगवेगळ्या एएसकडून आलेले मेड डिफॉल्टने ताडून बघितले जात नाहीत.

सगळ्यात जोरकस उपाय म्हणजे ब्लॉक फोडणं. तुमच्याकडे /२३ असेल तर तो दोन्हीकडे जाहीर करायचा आणि त्याचे दोन /२४ फक्त मोठ्या लिंकवर. नेमका ॲड्रेस जिंकतो, त्यामुळे कोणाचाही लोकल प्रेफरन्स असो, सगळा ट्रॅफिक तिकडे येतो. पण आयपीव्ही४ मध्ये /२४ पेक्षा लहान तुकडा सर्वसाधारणपणे कोणी घेत नाही, म्हणून उदाहरणातल्या कंपनीसारखा एकच /२४ असणाऱ्यांना ही वाट बंद आहे. शिवाय ब्लॉकसाठी आरओए (हा ब्लॉक कोणता एएस जाहीर करू शकतो याची सही केलेली नोंद) नोंदवला असेल आणि त्यात कमाल लांबी २३ दिली असेल, तर तुमचेच /२४ अवैध ठरतात आणि तपासणी करणारी नेटवर्क ते फेकून देतात. आधी आरओए दुरुस्त, मग फोडाफोड.

बाहेर जाणाऱ्या रूटवर एक फिल्टर मात्र कुठल्याही परिस्थितीत हवाच: फक्त स्वतःचे प्रिफिक्स जाहीर करा. तो नसेल तर मोठ्या प्रोव्हायडरकडून शिकलेले रूट तुमचा स्विच छोट्याला सांगतो, छोटा तुम्हाला गिऱ्हाइक समजून त्यांना वरचा लोकल प्रेफरन्स देतो, आणि त्याचा इंटरनेटकडचा ट्रॅफिक तुमच्या महाप्याच्या ऑफिसमधून जायला लागतो. याला रूट लीक म्हणतात. मघाचा गिऱ्हाइक-आधी हा नियमच इथे उलटा अंगावर येतो.

हे सगळं राउटरऐवजी स्विचवर करताना एक मर्यादा पाळावी लागते. स्विच पॅकेट चिपमधून पाठवतो आणि त्या चिपमध्ये रूट ठेवायला ठरावीक जागा असते. इंटरनेटचं पूर्ण आयपीव्ही४ टेबल आता ९ लाख रूटच्या पुढे गेलं आहे. ऑफिसमधल्या अनेक लेयर-थ्री स्विचची जागा काही हजारांत किंवा काही दहा हजारांत संपते. १२ ऑगस्ट २०१४ रोजी जगाचं टेबल ५ लाख १२ हजारांच्या आसपास पोहोचलं तेव्हा तेवढीच जागा असलेले कितीतरी जुने राउटर अडखळले होते. म्हणून प्रोव्हायडरकडून फक्त डिफॉल्ट रूट घ्या, फार तर डिफॉल्ट आणि त्याच्या स्वतःच्या गिऱ्हाइकांचे रूट. आणि नेबरवर कमाल प्रिफिक्सची मर्यादा लावा, म्हणजे समोरून चुकून पूर्ण टेबल आलं तरी स्विच कोलमडणार नाही.

बॅकअप किती लवकर उचलेल, हा पसंतीइतकाच महत्त्वाचा भाग. सिस्कोचा डिफॉल्ट होल्ड टाइम (शेजाऱ्याकडून काहीच ऐकू आलं नाही तर सेशन पडलं असं मानण्याआधी थांबायचा वेळ) १८० सेकंद. फायबर थेट स्विचमध्ये असेल आणि तुटली तर पोर्ट डाउन होतो, सेशन लगेच पडतं. पण मध्ये मीडिया कन्व्हर्टर (फायबरचा सिग्नल तांब्याच्या केबलवर आणणारी पेटी) किंवा प्रोव्हायडरचा छोटा स्विच असेल तर पुढे फायबर तुटूनही तुमचा पोर्ट अपच राहतो, आणि तीन मिनिटं ट्रॅफिक खड्ड्यात जात राहतो. प्रोव्हायडर तयार असेल तर बीएफडी (लिंक जिवंत आहे का हे सतत तपासणारा प्रोटोकॉल) लावा. सेकंदाच्या आत कळतं. नसेल तर टायमर कमी करा.

आणि फायबरची वाट विचारा. घोडबंदर रोडवर किंवा एमआयडीसीत रस्ता खोदायला घेतला की एका जेसीबीच्या फटक्यात शेजारशेजारच्या केबल एकदम जातात. दोन प्रोव्हायडरच्या केबल एकाच डक्टमधून येत असतील तर लोकल प्रेफरन्स २०० असो की २०००, जायला दुसरी वाटच उरत नाही. शेवटच्या किलोमीटरचा नकाशा मागून घ्या, तोही लेखी.

चाचणी रात्रीच्या चेंज विंडोमध्ये दोनदा करायची. एकदा कमांडने मोठ्या प्रोव्हायडरचं सेशन बंद करून. यात पॉलिसी तपासली जाते. मग सेशन चालू करून, मीडिया कन्व्हर्टरच्या पलीकडची बाजू प्रोव्हायडरला काढायला सांगून. यात पडल्याचं किती वेळात कळतं ते दिसतं. दोन्ही वेळा आतून पिंग करून समाधान मानू नका. एखाद्या सार्वजनिक लुकिंग ग्लासवरून (दुसऱ्या नेटवर्कच्या राउटरला दिसणारे रूट दाखवणाऱ्या संकेतस्थळावरून) आपला /२४ बाहेरून कुठल्या एएसमार्फत दिसतो ते बघा. येणारा ट्रॅफिक एका लिंकने आणि जाणारा दुसऱ्या लिंकने अशी फोड झाली असेल आणि दोन लिंकवर दोन वेगळे फायरवॉल असतील, तर कनेक्शन अर्ध्यात तुटतात, तेही याच वेळी तपासा. मोठी लिंक परत आल्यावर ट्रॅफिक दोन्ही दिशांनी तिच्यावर परतला का, हे दोन्ही पोर्टच्या ग्राफवर बघूनच विंडो बंद करा.